आपोआप वाजणारा पॅच थांबतो, अडकतो, बेसूर होतो: किनारपट्टीवरच्या रॅकची तपासणी

युरोरॅक म्हणजे सुटी मॉड्यूल एका चौकटीत बसवून केबलांनी जोडायचा सिंथेसायझर, आणि पॅच म्हणजे ती जोडणी. त्यावर आपोआप वाजणारा पॅच लावून दिला की त्याने तासन्‌तास बदलत राहावं, एवढीच अपेक्षा असते. प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटांत तो एका सुरावर येऊन बसतो, तोच तुकडा घोळवत राहतो किंवा हळूहळू बेसूर होतो. घाटावर हा दोष बहुतेक वेळा पॅचच्या रचनेत सापडतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात मात्र त्याच लक्षणामागे खारी हवा, कळकलेला जॅक किंवा डळमळीत वीज असू शकते, आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. मॉड्यूलला दोषी ठरवून कुरिअर करण्याआधी खालचा क्रम पाळा. सुरुवातीच्या तपासण्यांना फक्त वेळ लागतो, शेवटच्या तपासण्यांना पैसे आणि स्थिर हात.

लक्षणं

- क्लॉकचा (लयीच्या टिका देणाऱ्या मॉड्यूलचा) दिवा लुकलुकतोय, पण आवाज नाही.
- एकच सूर लांबत राहतो, एन्व्हलप (सुराचा चढ-उतार घडवणारं व्होल्टेज) पुन्हा उठत नाही.
- दर काही सेकंदांनी किंवा मिनिटाने नेमका तोच तुकडा परत येतो.
- फिल्टर किंवा आवाजाची पातळी एका टोकाला जाते आणि तिथेच चिकटते.
- धरून ठेवलेला सूर एकाच दिशेने घसरतो, पुढच्या ट्रिगरला (सूर सुरू करणाऱ्या क्षणिक ठोक्याला) पुन्हा जागेवर येतो.
- सकाळी जुळवलेले ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी मॉड्यूल) दुपारी आपापसांत जुळत नाहीत.
- काहीही न जोडलेलं इनपुट मुकं झालंय. त्यात केबल घालून काढली की थोडा वेळ ठीक चालतं.
- पंप किंवा फ्रिज सुरू झाला की क्लॉक अडखळतो, डिजिटल मॉड्यूल नव्याने सुरू होतं.

पहिली चार लक्षणं सहसा पॅचची असतात. पाचवं आणि सातवं हवेचं, सहावं तापमानाचं, आठवं विजेचं. ‘सहसा’ म्हणायचं कारण, पहिलं लक्षण कुठल्याही दोषातून निघू शकतं.

काहीही उपटण्याआधी पॅचचा फोटो काढा, नॉब कुठे आहेत ते स्पष्ट दिसेल असा. या प्रकारच्या पॅचमध्ये दोष अनेकदा नॉबच्या एका विशिष्ट जागेवरच असतो. केबल काढल्या की पॅचबरोबर दोषही हरवतो, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा हजर होतो.

मग सगळं रिसेट करून घड्याळ लावा. दर वेळी साधारण तितक्याच वेळाने आणि तशाच प्रकारे अडकत असेल तर रचनेत गोम आहे. एक दिवस चार तास चालतो आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत बंद पडतो, असं असेल तर हवा किंवा वीज. रॅकशेजारी एक साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि दोष दिसला की आकडा टिपून घ्या. काही शे रुपयांचं हे यंत्र पुढची अर्धी डोकेदुखी वाचवतं.

आणखी एक फुकटची कसोटी आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यांत कमी वापरली जाते. तोच पॅच संगणकावर व्हीसीव्ही रॅक या युरोरॅकची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत उभारा. तिथे ना आर्द्रता, ना गंज. तिथेही अडकला तर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची गरज नाही.

क्लॉक आणि गेट कानाने ऐका

क्लॉकचं आउटपुट थेट मिक्सरमध्ये घाला, आवाज अगदी कमी ठेवून. टिक-टिक ऐकू यायला हवी. मग विभाजक (ठरावीक टिकांनंतरच एक टिक पुढे सोडणारा), मग गेट (सूर चालू असेपर्यंत वर राहणारं व्होल्टेज), मग एन्व्हलप, अशा क्रमाने एकेक जागा ऐकत पुढे जा. टिक जिथे हरवते तिथे दोष. दिव्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच मॉड्यूलांत दिवा आतल्या सर्किटवर असतो, जॅकपर्यंत काय पोचलं ते त्याला ठाऊक नसतं.

‘एकच सूर लांबत राहतो’ यामागचं नेहमीचं कारण म्हणजे एकमेकांवर चढलेले गेट. दोन गेट एकत्र केले आणि पहिला खाली येण्याआधी दुसरा वर गेला, तर एन्व्हलपला मध्ये खाली उतरलेली पायरी दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने तो एकच लांबलचक गेट. उपाय: गेटऐवजी ५ ते १० मिलिसेकंदांचे ट्रिगर वापरा, किंवा ‘ऑर’ (एक जरी वर असला तरी वर) ऐवजी ‘एक्सॉर’ (दोन्ही वर असले तर खाली) लॉजिक लावा. दोन आउटपुट पॅसिव्ह मल्टने (तारांच्या नुसत्या फाट्याने) एकमेकांना जोडून गेट एकत्र करण्याचा मोह टाळा, दोन्ही आउटपुट एकमेकांशी भांडत बसतात.

मेक नॉइज कंपनीच्या मॅथ्ससारख्या फंक्शन जनरेटरचा, म्हणजे चढ-उताराचं व्होल्टेज बनवणाऱ्या मॉड्यूलचा, स्वभाव वेगळा. त्याचा चढ चालू असताना आलेला ट्रिगर तो मोजत नाही. उतारावर आलेला मोजतो. चढाचा नॉब थोडा जास्त उघडला की दर दुसरा-तिसरा ट्रिगर गिळला जातो आणि पॅच विरळ होत होत जवळजवळ थांबतो. मॉड्यूल बिघडलेलं नसतं. चढ कमी करा.

व्होल्टेज टोकाला चिकटलंय का

एलएफओ, म्हणजे संथ हेलकावणाऱ्या व्होल्टेजचा स्रोत, साधारण उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट देतो. असे दोन बेरजेला घातले आणि वर थोडा ऑफसेट (कायम मिसळलेलं जादा व्होल्टेज) दिला, की बेरीज पुढच्या इनपुटच्या मर्यादेबाहेर जाते. मर्यादेपलीकडचं सगळं पुढच्या मॉड्यूलला सारखंच. तुमचा बदल चालू असतो, पण ऐकणारं कोणी नसतं. व्हीसीएच्या (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलच्या) बाबतीत उलट: एलएफओ शून्याखाली असतो तो अर्धा वेळ व्हीसीए बंदच, आणि एलएफओचा फेरा चार मिनिटांचा असेल तर दोन मिनिटं शांतता. मग लोक केबल हलवत बसतात.

सगळे अटेन्युव्हर्टर (व्होल्टेज कमी करणारे किंवा उलटवणारे नॉब) मध्यावर, म्हणजे शून्यावर आणा आणि एकेक उघडा. मॅथ्स वापरत असाल तर एक सापळा लक्षात ठेवा: दुसऱ्या आणि तिसऱ्या चॅनलच्या इनपुटला काही जोडलेलं नसलं की आतून अनुक्रमे १० आणि ५ व्होल्ट येतात. ते नॉब मध्यावर नसतील, तर बेरजेच्या (‘SUM’) आउटपुटमध्ये तेवढा ऑफसेट गुपचूप मिसळतो. दहापैकी सात ‘चिकटलेल्या’ पॅचचा उलगडा इथेच होईल असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडा, पण हे पहिलं बघा.

सुरासाठीचं यादृच्छिक व्होल्टेजही इथेच आवरा. एका व्होल्टला एक सप्तक हा हिशोब, म्हणजे एक अर्धसूर ८३.३ मिलिव्होल्टचा. ० ते १० व्होल्टचा यादृच्छिक स्रोत सरळ क्वांटायझरला (व्होल्टेज जवळच्या सुरावर बसवणाऱ्या मॉड्यूलला) दिला तर दहा सप्तकं मिळतात. त्यांतली निम्मी ऐकू येत नाहीत किंवा ऐकवत नाहीत. २ व्होल्टांत बसवा.

तोच तुकडा परत येतो

हा दोष गणिताचा. ४, ८ आणि १६ असे विभाजक लावले तर तिघांची सम १६ पायऱ्यांनी पडते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत, एका ठोक्याला चार टिका धरल्या तर सेकंदाला आठ. म्हणजे दोन सेकंदांत सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी ५, ७, ८ आणि ९ घ्या: लघुतम साधारण विभाज्य २५२०, म्हणजे सव्वापाच मिनिटं. त्यात ११ घातला की २७,७२०, जवळजवळ ५८ मिनिटं. तबला-पखवाज वाजवणाऱ्यांना हा हिशोब अंगवळणी असतो. तीनताल, झपताल आणि रूपक एकदम सुरू केले तर तिघांची सम ५६० मात्रांनी एकत्र येते. विभाजक निवडताना एकाहून मोठा सामाईक भाजक नसलेले आकडे घ्या, बस. आणि रिसेट इनपुटमध्ये काय जोडलंय ते बघा. दर सोळाव्या टिकेला रिसेट होणारा विभाजक कितीही हुशारीने निवडला तरी सोळातच फिरतो.

यादृच्छिक सिक्वेन्सरवर (सुरांची मालिका स्वतःच बनवणाऱ्या मॉड्यूलवर) एक घोटाळा हमखास होतो. म्युझिक थिंगच्या ट्युरिंग मशीनवर मोठा नॉब मध्यावर ठेवला की पूर्ण यादृच्छिक, उजव्या टोकाला नेला की आवर्तन कुलूपबंद, डाव्या टोकाला दुप्पट लांबीचं आवर्तन. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या मार्बल्सवर देजा व्हू नॉब डावीकडे पूर्ण यादृच्छिक, बाराच्या काट्यावर कुलूपबंद, आणि त्यापुढे त्याच सुरांची उलटसुलट. एकावर हात बसलेला माणूस दुसऱ्यावर ‘मध्यावर ठेवलं म्हणजे मोकळं’ समजतो आणि नेमकं कुलूप लावून बसतो. कुठल्याच मॉड्यूलवर नॉब पूर्ण टोकाला ठेवू नका. ट्युरिंग मशीनवर उजव्या टोकाच्या किंचित अलीकडे आवर्तन ओळखीचं राहतं आणि अधूनमधून एखादा सूर बदलतो. आपोआप बदलत जाणाऱ्या पॅचला हवी असते ती हीच जागा.

फीडबॅक विझतो किंवा भडकतो

आउटपुट फिरवून पुन्हा इनपुटला दिलेल्या पॅचमध्ये फेऱ्याचा गेन (सिग्नल किती पट होतो ते) एकाहून कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात बदल लहान होत जातो आणि शेवटी स्थिर होतो. एकाहून जास्त असेल तर वाढत वाढत टोकाला चिकटतो. मजा त्या दोघांच्या सीमेवर असते, आणि ती सीमा नॉबच्या अगदी अरुंद पट्ट्यात. तापमानाने ऑफसेट जरासा सरकला तरी पॅच सीमेच्या एका बाजूला पडतो. आधी चालत असलेला पॅच दुपारी का विझला, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच.

इथे दोन गोष्टी करा. फेऱ्यात एक फार संथ एलएफओ मिसळा, ज्याचा फेरा दहा मिनिटांहून मोठा असेल, पातळी अगदी थोडी. तो गेनला सीमेच्या अल्याड-पल्याड झुलवत ठेवतो. आणि पॅचला एक राखणदार द्या: मुख्य क्लॉकला ६४ ने भागून निघालेला ट्रिगर, ‘ऑर’मधून मुख्य ट्रिगरमध्ये मिसळलेला. तुलनाकाराच्या (व्होल्टेज ठरलेल्या पातळीवर गेलं की गेट देणाऱ्या मॉड्यूलच्या) उंबरठ्याखाली व्होल्टेज अडकून पडलं, ट्रिगर येण्याची शक्यता ठरवणारा नॉब शून्याकडे सरकला, काहीही झालं तरी राखणदार ठरावीक वेळाने सॅम्पल अँड होल्डला (ट्रिगर आला की व्होल्टेज टिपून धरून ठेवणाऱ्या मॉड्यूलला) हलवतोच. मंचावर किंवा प्रदर्शनात पॅच एकटा सोडायचा असेल तर राखणदाराशिवाय सोडू नका.

इथपर्यंत सगळं तपासून दोष तसाच असेल, तर रचना सोडा.

ऊब

अॅनालॉग ऑसिलेटर तापायला २० ते ३० मिनिटं घेतो. त्यातल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीचा प्रतिसाद तापमानावर अवलंबून असतो: भरपाई नसेल तर दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के, म्हणजे एका सप्तकामागे जवळजवळ ४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्धसुराचा शंभरावा भाग). चांगल्या ऑसिलेटरमध्ये ही भरपाई करणारा रोधक असतो, तरी पूर्ण नाही. समोरचा टेबलफॅन थेट रॅकवर मारत असेल किंवा एसी दर काही मिनिटांनी बंद-चालू होत असेल तर सूर त्याच्या तालावर डोलतो. अर्धा तास थांबा, मग जुळवा, पंखा वळवा.

सगळे ऑसिलेटर एकाच दिशेला, सारख्याच प्रमाणात सरकत असतील तर ऊब किंवा वीज. एकच सरकत असेल तर त्याच्याकडे येणारं व्होल्टेज बघा. पॅसिव्ह मल्टने एक सूर दोन-तीन ऑसिलेटरना वाटलात का? जिथे आउटपुटचा १ किलोओहम रोध भरपाईविना आहे आणि इनपुट १०० किलोओहमचं, तिथे एका इनपुटला सुमारे १ टक्का व्होल्टेज कमी पोचतं, दोघांना सुमारे २ टक्के. एक टक्का म्हणजे सप्तकाला १२ सेंट. तीन सप्तकं वर गेलात की ३६ सेंट, आणि ते कानाला टोचतं. बफर्ड मल्ट (प्रत्येक फाट्याला वेगळं सर्किट असलेला) लावा. हा दोष हवेचा वाटतो, कारण पॅच वरच्या सप्तकात भटकला की मगच दिसतो.

केबल

संशयित केबल बदलून बघा. टोकाला हिरवट-काळसर थर दिसला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापडावर पुसा. खिडकीशेजारच्या खिळ्याला केबल टांगणं सोडा, समुद्राकडचा वारा पहिला तिथेच येतो. युरोरॅकला ३.५ मिलिमीटरची मोनो केबल लागते. हेडफोनची स्टिरिओ केबल कधी चालते, कधी नाही.

न जोडलेला जॅक

किनाऱ्यावरच्या रॅकचा खरा वैरी हा आहे, म्हणून जरा सविस्तर.

मॉड्यूलमधल्या अनेक इनपुटांना आतून सिग्नल जोडलेला असतो: एका चॅनलचा क्लॉक दुसऱ्याला, किंवा वर सांगितलेला १० व्होल्टांचा ऑफसेट. जॅकमध्ये केबल नसते तेव्हा हा सिग्नल एका बारीक पत्तीच्या स्पर्शातून जातो. केबल घातली की पत्ती उचलली जाते. म्हणजे तुम्ही ज्या जॅकला कधी हातच लावत नाही, त्याच्यातच हा स्पर्श महिनोन्‌महिने उघडा बसलेला असतो. केबलची घसट त्याला मिळत नाही, आणि खाऱ्या दमट हवेत त्यावर थर चढतो. स्पर्श अर्धवट झाला की क्लॉक येतो-जातो, ऑफसेट हलतो, व्हीसीए बंद पडतो. पॅचच्या रचनेत हा जोड दिसतच नाही, म्हणून शोध दुसरीकडेच चालतो.

ओळखायचं असं: आतून येणारा सिग्नल बाहेरून केबलने द्या. क्लॉक आतून जोडलेला असेल तर क्लॉकच्या आउटपुटमधून त्या इनपुटला केबल घाला. लगेच चालू झालं तर दोषी पत्ती. अडचणीच्या वेळी हाच तात्पुरता उपायही.

साफसफाई वीज बंद करून. आधी कोरडी: त्या जॅकमध्ये प्लग १५-२० वेळा आत-बाहेर करा. पत्ती उचलली जाते आणि परत टेकते, तेवढ्या आपटीत पातळ थर निघतो. पुरलं नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब प्लगच्या टोकाला लावून तेच करा. जॅकच्या तोंडातून फवारा मारू नका. क्लीनर जॅकमागून उतरून शेजारच्या पोटेन्शिओमीटरमध्ये (नॉबमागच्या भागात) शिरतो आणि त्याचं वंगण धुऊन नेतो. तरी नाही, तर मॉड्यूल केसमधून काढून मागून, बारीक नळीने, फक्त पत्तीवर. मग २० मिनिटं सुकू द्या.

गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे, रॉकेल, खोबरेल, पॉलिश पेपर, यांपैकी काहीही नको. तेलावर धूळ आणि मीठ बसतं. पॉलिश पेपरने वरचा मुलामा जातो आणि मग गंज आणखी वेगाने चढतो. एकदा साफ केलेला जॅक दोन महिन्यांत पुन्हा मुका झाला तर मुलामा गेलाय असं समजा आणि जॅक बदलून घ्या.

सॅम्पल अँड होल्डची गळती

धरून ठेवलेला सूर घसरतो, त्याचं कारण एक छोटा कॅपॅसिटर. अॅनालॉग सॅम्पल अँड होल्ड व्होल्टेज त्यात साठवून ठेवतो. समजा तो १० नॅनोफॅरडचा आहे. १० पिकोअँपियर गळती असेल तर सेकंदाला १ मिलिव्होल्ट, म्हणजे १.२ सेंट, चालून जातं. गळती ५ नॅनोअँपियर झाली, म्हणजे ५ व्होल्टला जवळपास १ गिगाओहमची वाट मिळाली, तर सेकंदाला अर्धा व्होल्ट, सहा अर्धसूर. आणि १ गिगाओहमची वाट तयार व्हायला फार काही लागत नाही. बोर्डावर समुद्राच्या मिठाचा न दिसणारा थर असला आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. कोरडं असताना निरुपद्रवी, ओलं झालं की वीजवाहक. दोष पावसाळ्यात येतो आणि डिसेंबरात गायब होतो, तो यामुळे.

पुढे क्वांटायझर असेल तर घसरण ऐकू येत नाही. त्याऐवजी सूर मध्येच अर्धसुराने खाली उडी मारतो, आणि ते यादृच्छिकतेचंच काम वाटतं.

चाचणी: एक व्होल्टेज धरून ठेवा, ट्रिगर काढून घ्या, ऑसिलेटर ट्यूनरला लावून ६० सेकंद बघा. आकडा आणि आर्द्रता टिपा. मग मॉड्यूल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत २४ तास ठेवून पुन्हा मोजा. स्पष्ट फरक पडला तर बोर्डावर मीठ किंवा फ्लक्सचा (सोल्डरिंगच्या रसायनाचा) राहिलेला थर आहे. फरक नाही पडला तर कॅपॅसिटर किंवा आयसी. ते तंत्रज्ञाचं काम.

बोर्ड साफ करताना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, होल्ड कॅपॅसिटर आणि त्याच्या आयसीभोवती. कमी टक्क्यांच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि इतर पदार्थ असतात, तो चालणार नाही. पोटेन्शिओमीटर, स्लायडर, डिस्प्ले यांवर अल्कोहोल जाऊ देऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा, देवाजवळचा दिवा आणि उदबत्तीही लांब.

बोर्डावर संरक्षक लेप मारण्याचा सल्ला खूप जण देतात. किनाऱ्यापासून दोनेकशे मीटरवर राहत असाल तर तो योग्य आहे, पण जॅक, ट्रिमर (जुळवणीचे बारीक स्क्रू), कनेक्टर झाकून, आणि बोर्ड पूर्ण साफ झाल्यावरच. मिठावर लेप मारला तर मीठ कायमचं आत. वॉरंटी असेल तर आधी विचारून घ्या. सोपा पर्याय असा: ट्रिगर इनपुट असलेला क्वांटायझर सॅम्पल अँड होल्डच्या त्याच ट्रिगरवर चालवा. तो सूर आकड्याच्या रूपात धरतो, आकडा गळत नाही. ट्रिगर मात्र २ ते ५ मिलिसेकंद उशिरा द्या, नाहीतर व्होल्टेज स्थिरावण्याआधीच सूर उचलला जातो.

वीज

केस उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा. मॉड्यूलला वीज देणाऱ्या रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला असते. सोळा पिनांच्या कनेक्टरवर तिथून क्रमाने उणे १२, ग्राउंड, अधिक १२, अधिक ५. प्रत्येक रिबन काढून परत नीट बसवा. उलटी बसली तर मॉड्यूल जळू शकतं, म्हणून एका वेळी एकच. आत वाळवीची माती, मुंग्यांची रांग किंवा पालीची अंडी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. रिकाम्या जागांना झाकणपट्ट्या लावा.

मॉड्यूलांच्या मिलिअँपियरची बेरीज करा. सप्लायच्या क्षमतेच्या ७५ टक्क्यांवर गेलात तर ती वाढवायची वेळ आली. उणे १२ ची बेरीज वेगळी करा, ती बाजू सगळे विसरतात.

मग भिंतीतली वीज. ट्रान्सफॉर्मरवाल्या लिनियर सप्लायमधला १२ व्होल्टांचा नेहमीचा रेग्युलेटर स्वतःसाठी सुमारे २ व्होल्ट मागतो, म्हणजे त्याला १४ हून जास्त मिळायला हवेत. २३० ला आत १८ व्होल्ट मिळत असतील तर १७५ ला १३.७ च मिळतात. रेग्युलेटर हात टेकतो, गुणगुण थेट मॉड्यूलना मिळणाऱ्या १२ व्होल्टांत येते, सूर थरथरतो, डिजिटल मॉड्यूल नव्याने सुरू होतं. संध्याकाळी, किंवा गणपतीत सगळी घरं उघडली आणि रोषणाई लागली की वाडीतला व्होल्टेज खाली येतो. दोष त्याच वेळी येत असेल तर स्टॅबिलायझर लावून बघा. १०० ते २४० व्होल्टांचा स्विचिंग सप्लाय या बाबतीत जास्त सोशीक.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. लाईट परत आल्यावर लगेच चालू करू नका, दोन-तीन मिनिटं थांबा. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात प्लग भिंतीतून काढून ठेवा; नुसता स्विच बंद केल्याने वीज पडण्यापासून संरक्षण होत नाही.

बसबोर्डावर (सगळ्या रिबन जिथे लागतात त्या पट्टीवर) मल्टिमीटरने मोजायचं तर अधिक-उणे १२ दोन्ही ११.७५ ते १२.२५ मध्ये असावेत. मोकळ्या कनेक्टरवर मोजा. प्रोब घसरून दोन पिना जोडल्या गेल्या तर सप्लाय जातो. हात स्थिर नसेल तर हे मोजमाप सोडा.

इथे थांबा

- जळका वास, फुगलेला कॅपॅसिटर, हात ठेववत नाही इतका गरम सप्लाय.
- पॅनलला हात लावल्यावर झिणझिण्या. हे अर्थिंगचं लक्षण आहे, परवानाधारक वायरमनलाच बोलवा. कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, ते त्याला आधीच सांगा.
- रॅक लावला की एमसीबी पडतो.
- सप्लायच्या आतली २३० व्होल्टची बाजू. प्लग काढल्यावरही तिथल्या कॅपॅसिटरमध्ये भार उरतो.
- कौलातून गळून किंवा वादळात पाणी शिरलं. ३ जून २०२० च्या निसर्गनंतर आणि मे २०२१ च्या तौक्तेनंतर अशा भिजलेल्या वस्तू लोकांनी ‘सुकल्या’ म्हणून चालू केल्या. खाऱ्या पाण्यात भिजलेलं मॉड्यूल चालू करू नका. ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, सुकवून, तंत्रज्ञाकडे.
- ऑसिलेटरचं अंतर्गत कॅलिब्रेशन, बारीक आयसी, उखडलेले पॅड.

तुटका जॅक बदलायला तालुक्याचा मोबाईल दुरुस्तीवाला चालतो. त्याचा हात सोल्डरिंगला बहुतेकांहून चांगला असतो. ऑसिलेटरच्या कॅलिब्रेशनला मात्र सिंथ दुरुस्त करणारा किंवा मूळ उत्पादकच.

बंद घर

आषाढात घर बंद करून मुंबईला जाऊन गणपतीला परत येणाऱ्यांसाठी: रॅक भिंतीवर सोडू नका. मॉड्यूल घट्ट झाकणाच्या डब्यात, ५० लिटरला सुमारे २०० ग्रॅम सिलिका जेल. फोम आणि लाकूड आत घालू नका, ती स्वतःचीच ओल घेऊन येतात. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून रॅक बाहेर काढताना बॅग लगेच उघडू नका. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. २४ अंशांचं पॅनल तिथे उघडलं की त्याला घाम फुटतो. बंद बॅगेतच ४५ मिनिटं राहू द्या.

मॉड्यूल तंत्रज्ञाकडे पाठवताना सोबत चिठ्ठी द्या: लक्षण काय, किती वेळाने येतं, त्या वेळची आर्द्रता आणि तापमान, ६० सेकंदांत सूर किती सेंट घसरला, केबलने बाहेरून सिग्नल दिल्यावर चाललं का, कुठला क्लीनर कुठे लावला. शेवटचा मुद्दा लपवू नका. लावलेला क्लीनर त्याला तसाही दिसतो, आणि तो कोणता हे कळलं तर तासभर वाचतो.